कोळशाचा ट्रक आणि रिसेप्शनची अक्षरं: थ्रिलरची टायटल्स कशी बांधायची

प्रश्न असा आला आहे: “ताई, आम्ही नागपुरातली पाच-सहा पोरं मिळून एक अ‍ॅक्शन थ्रिलर बनवून राहिलो. ड्रायव्हर उमरेडकडून कोळशाचा ट्रक घेऊन निघतो, रातोरात कोराडीकडं पोचवायचा असते. ट्रकच्या खाली चोरकप्पा आहे, ते त्याला इंटरव्हलनंतर कळते. पिक्चर ९५ मिनिटांचं, एडिट लॉक, म्हणजे कापाकापी संपली. सुरुवातीच्या टायटलसाठी नेटवरून लोखंडी अक्षरं, ठिणग्या, धूर असलेलं टेम्प्लेट घेतलं. आईनं पाहिलं अन् म्हणाली, ‘कोणाचं रिसेप्शन आहे रे?’ मोठ्या पिक्चरमध्ये हे कसं करतात? सॉफ्टवेअर कोणतं? अन् टायटल सुरुवातीला टाकावं का शेवटी?”

भाऊ, आईचं निरीक्षण अचूक आहे. माझी सुरुवात लग्नाच्या कॅसेटवर ‘शुभविवाह’ टाकण्यातूनच झाली, त्यामुळं हे मी अधिकारानं सांगू शकते. ते टेम्प्लेट वाईट नाही. पण ते बनवणाऱ्याला तुमचा ड्रायव्हर माहीत नव्हता, ट्रक माहीत नव्हता, रात्र माहीत नव्हती. कुठल्याही सिनेमाला चालावं म्हणून ते बनवलं आहे आणि म्हणूनच ते तुमच्या सिनेमाबद्दल एक अक्षरही बोलत नाही. ठिणग्या उडतात, पण कशाच्या? लोखंड कोणी कापत आहे का? लग्नाच्या व्हिडिओत हे चालून जातं, कारण नवरा-नवरी कोण हे बघणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. सिनेमात त्याला काहीच ठाऊक नसतं.

म्हणून सॉफ्टवेअरचा प्रश्न मी जरा मागे ढकलते. तुम्ही नावांसाठी मागचा पडदा शोधत बसलात. खरं तर आधी हे ठरवायला हवं होतं की पहिला सीन सुरू होण्याआधी प्रेक्षकाच्या डोक्यात काय घालायचं आहे. टायटल्स म्हणजे सिनेमाचा असा एक सीन, ज्यात नट नाहीत, संवाद नाहीत, आणि फ्रेममध्ये नावं ठेवायची सक्ती आहे. सीन म्हटला की त्याला काम असतं. ते काम सापडलं की अक्षरं कशी असावीत, किती वेगानं यावीत, कुठल्या रंगाची असावीत, हे बरंचसं आपोआप सुटतं.

सुरुवातीला की शेवटी, हे परिस्थितीवर आहे, आणि सगळ्यात आधी तुमच्या पहिल्या सीनवर. पहिला सीन झटक्यात मान पकडणारा असेल, म्हणजे पहिल्या मिनिटात पाठलाग किंवा खून, तर त्याच्या आधी नावांची माळ लावून त्याची धार घालवू नका. तो सीन होऊ द्या, मग सिनेमाचं नाव टाका, बाकीची नावं शेवटी. हल्ली बरेच थ्रिलर हेच करतात. पहिला सीन संथ असेल, माणूस ट्रकला ताडपत्री बांधतोय, चहा पितोय, तर टायटल्स सुरुवातीला असलेली बरी, कारण ती त्या संथपणाखाली धोका पेरू शकतात. तुमच्या वर्णनावरून मला दुसरा प्रकार वाटतो. पण कोणाचं नाव कुठं आणि कोणाच्या आधी येणार हे कोणाशी कागदावर ठरलं असेल, तर तो कागद आधी काढा. मोठ्या नटाचं नाव वेगळ्या कार्डावर, म्हणजे पडद्यावर एकट्यानंच, हवं, सिनेमाच्या नावाआधी हवं, अशा अटी असतात आणि त्या शेवटच्या आठवड्यात आठवतात.

आणखी एक गोष्ट, जी परदेशी शिकवण्यांत कोणी सांगत नाही. आपल्याकडं टायटल्स सुरू होतात तेव्हा प्रेक्षक आधीच वाचून थकलेला असतो. सेन्सॉरचं प्रमाणपत्र, तंबाखूविरोधी फिल्म आणि तो इशारा, ‘पात्रे व घटना काल्पनिक’, प्राण्यांबद्दलची सूचना, मग निर्मात्याचा लोगो, सहनिर्मात्याचा लोगो, आणि ज्यांनी गाड्या फुकट दिल्या त्यांचे आभार. त्यानंतर पुन्हा अक्षरंच आली तर माणूस खिशातून मोबाइल काढतो. म्हणून माझा जुना नियम आहे: टायटल्सच्या पहिल्या आठ-दहा सेकंदांत एकही अक्षर नाही. आधी डोळा आणि कान जागे होऊ देत. आणि तुमचा ड्रायव्हर विडी ओढत असेल तर टायटलच्या शॉटमध्ये ती विडी नको. तंबाखू पडद्यावर असेतोवर खाली इशाऱ्याची ओळ ठेवावी लागते. तुमच्या नावाशी भांडणारी दुसरी ओळ तुम्ही स्वतःच्या हातानं कशाला आणता?

आता मोठ्या सिनेमांत काय करतात ते बघू. मी फक्त चार-पाच उदाहरणं घेते, कारण यादी वाचून कोणी टायटल करायला शिकत नाही.

‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’, १९५९, दिग्दर्शक हिचकॉक, टायटल्स सॉल बास यांची. हिरव्या पडद्यावर तिरक्या रेघा सरकत येतात, एकमेकींना छेदतात, जाळी तयार होते, नावं त्या रेघांना धरून लिफ्टसारखी वरखाली होतात. मग कळतं की ही जाळी म्हणजे उंच इमारतीची काचेची भिंत आहे आणि काचेत खालची गर्दी वाहते आहे. पुढं सिनेमाभर एक साधा शहरी माणूस कुणीतरी आखलेल्या चौकटीत सापडून पळत राहतो. ती चौकट टायटलमध्ये आधीच आखून झाली. चाकू नाही, रक्त नाही, फक्त रेघा.

‘बुलिट’, १९६८, टायटल्स पाब्लो फेरो यांची. तिथं नाव सरकतं आणि मागं अक्षरांच्या आकाराची भोकं राहतात. त्या भोकांतून पुढचा शॉट दिसायला लागतो, भोक मोठं होतं आणि आपण पुढच्या शॉटमध्ये पोचतो. म्हणजे अक्षर हीच खिडकी. पोलिसी तपासाचा सिनेमा आहे, त्यात डोकावून बघणं हेच काम आहे.

‘शोले’ची टायटल्स तर तुमच्या आईला पाठ असतील. १९७५. गाडी येते, पोलीस अधिकारी उतरतो, रामलाल त्याला घोड्यावरून ठाकूरच्या घरी नेतो, आणि आर. डी. बर्मन यांच्या संगीतावर नावं येत राहतात. लोकांना वाटतं हा नुसता प्रवास आहे. पण बघा, त्या दोन घोड्यांच्या मागं खडक, माळ, वाट, गाव हे सगळं क्रमानं दाखवून होतं. पुढं तीन तास ज्या मैदानावर लढाई होणार, त्याचा नकाशा आपल्याला हातात मिळाला, आणि कोणी नकाशा असं म्हटलंही नाही. अ‍ॅक्शनमध्ये भूगोल कळला नाही तर मारामारी नुसती धूळ वाटते.

चौथं ‘सेव्हन’, १९९५, काईल कूपर यांचं काम. खुन्याचा चेहरा नाही; बोटं, ब्लेड, वह्या, सुई-दोरा, चिकटवलेले कागद. अक्षरं हातानं खरवडलेली, थरथरणारी. खुनी पडद्यावर यायला बराच अवकाश आहे, पण त्याची सवय आपण टायटल्समध्येच पाहिली. या एका टायटलनं पुढच्या पंचवीस वर्षांत जगभरातल्या पोरांना खरवडलेली थरथरती अक्षरं करायला लावली. तुम्ही करू नका, एवढंच सांगते. तिथं ती खुन्याच्या हाताची होती. आपण करतो तेव्हा ती कोणाच्याच हाताची नसतात.

आणि जेम्स बॉण्डची ती बंदुकीची नळी, १९६२ च्या पहिल्या सिनेमापासूनची. मॉरिस बाइंडर यांनी खऱ्या नळीतून शूट केलं, आणि आतलं सगळं फोकसमध्ये राहावं म्हणून पिनहोल कॅमेरा वापरला. सांगायचं कारण एवढंच की इतकी प्रसिद्ध गोष्ट एक नळी आणि एक बारीक भोक यांवर उभी आहे.

या पाचांत सारखं काय आहे ते बघा. प्रत्येकात गोष्टीतलीच एक वस्तू किंवा जागा घेतली आहे: इमारत, तपासाची नजर, रस्ता, वही, बंदूक. आणि त्या वस्तूनंच अक्षरांचं वागणं ठरवलं आहे. म्हणून मी काम घेतलं की आधी संहिता वाचते आणि फक्त वस्तूंची यादी करते. पात्रं नाहीत, भावना नाहीत, फक्त हातात धरता येतील अशा वस्तू.

तुमच्या सिनेमाची यादी मी न वाचताही निम्मी करू शकते. ताडपत्री, तिचा दोर, टायर ठोकून बघायचा लाकडी ठोकळा, केबिनमधला देवाचा फोटो आणि त्याखालचा लाल दिवा, बिल्टी, धरमकाट्याची (अख्खी गाडी तोलणाऱ्या काट्याची) पावती, कोळशाची भुकटी, आरशावर बांधलेलं लिंबू-मिरची, डिझेलच्या टाकीचं कुलूप. यातली निम्मी उडवायची. लिंबू-मिरची सगळ्यांनी दाखवून झाली. देवाचा फोटोही.

मी यातून धरमकाट्याची पावती उचलली असती. तिच्यावर तीन आकडे असतात: भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन आणि निव्वळ मालाचं वजन. समजा टायटल्समध्ये प्रिंटर कर्रकर्र करत गेल्या आठवड्याच्या तारखेची पावती छापतोय आणि रिकाम्या गाडीचं वजन ११,२०० किलो दिसलं. पुढं नावं येत राहिली, दोर आवळला गेला, टायर ठोकले गेले. शेवटी दुसरी पावती, त्याच नंबरची गाडी, आजची तारीख, आणि रिकाम्या गाडीचं वजन ११,७८० किलो. रिकामी गाडी आठवडाभरात ५८० किलोंनी जड कशी झाली? ज्याच्या लक्षात आलं त्याच्या पोटात गोळा आला. ज्याच्या नाही आलं त्याचं काहीही बिघडलं नाही. आणि इंटरव्हलनंतर चोरकप्पा उघडला की पहिला प्रेक्षक शेजारच्याला कोपरानं ढोसणार: ‘मी म्हटलं नव्हतं बे?’

एवढं आधीच सांगितलं तर गुपित फुटणार नाही का, असं तुम्ही विचाराल. टायटल्समध्ये दाखवायचं सगळं, समजवायचं काहीच नाही. आकड्यावर झूम नको, खाली रेघ नको, संगीतात धप्प नको. पावती वीस-बावीस फ्रेम दिसली की बास, म्हणजे सेकंदापेक्षा थोडी कमी.

मग अक्षरंही ठरली. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची, ठिपक्याठिपक्यांची, किंचित फिकट, रिबन संपत आल्यासारखी. लोखंड आणि ठिणग्या गेल्या. प्रिंटरचं डोकं डावीकडून उजवीकडं जातं, तसंच नाव उमटणार. म्हणजे अ‍ॅनिमेशनचाही प्रश्न सुटला, आणि तेही फुकटात.

आता वेळ. कार्ड किती वेळ ठेवायचं, याला माझी पद्धत साधी आहे: नाव आणि काम मोठ्यानं, घाई न करता, दोनदा वाचा. तेवढा वेळ द्या. साधारण तीन सेकंदांच्या आसपास जातं. आपल्याला आपली नावं पाठ असतात म्हणून आपण नेहमी कमी वेळ ठेवतो, म्हणून पहिली चाचणी घरातल्या कोणावर तरी घ्यायची. तुमच्या आई इथं कामाच्या आहेत.

संगीतकाराशी मात्र आधीच बोला, आणि भाषा फ्रेमची वापरा. तुमचा सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमवर असेल तर मिनिटाला १,४४० फ्रेम झाल्या. मिनिटाला ९६ ठोक्यांची लय घेतली तर एक ठोका बरोबर १५ फ्रेमचा, चार ठोक्यांचा बार ६० फ्रेमचा, म्हणजे अडीच सेकंद. ९० ठोके घेतले तर ठोका १६ फ्रेमचा. पण १०० घेतले तर १४.४ फ्रेम येतात. कट दर पाचव्या ठोक्यालाच नेमका बसतो, आणि दहाव्या कार्डाला काहीतरी ओढल्यासारखं वाटतं पण कारण सापडत नाही. सिनेमा २५ फ्रेमवर असेल तर उलट १०० ची लय छान, ठोका १५ फ्रेमचा. दीड बाराला एक कार्ड, अशी चौदा कार्डं ९६ च्या लयीत साधारण साडेबावन्न सेकंदांत होतात. सुरुवातीचे दहा सेकंद बिनअक्षराचे आणि सिनेमाच्या नावाला सहा-सात सेकंद धरले तर सगळं मिळून सव्वा मिनिटाच्या आत. ९५ मिनिटांच्या सिनेमाला यापेक्षा जास्त मागू नका.

आणि प्रत्येक ठोक्यावर कट टाकू नका. लग्नाच्या व्हिडिओची खूण तीच असते. चार-पाच कार्डं लयीत बसवा, मग एक मुद्दाम अर्ध्या ठोक्यानं उशिरा आणा. अंगावर काटा त्या उशिरानं येतो. तुमच्याकडं तर आवाज तयार आहेत: टायरवर ठोकळा, दोराचा करकर आवाज, एअर ब्रेकचा फुस्स. संगीतकाराला पैसे द्यायला नसतील तर नुसत्या या आवाजांवर टायटल्स उभी राहतील. मी तर म्हणते आधी तसंच करून बघा.

आता देवनागरीचा मुद्दा. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण टेम्प्लेट बिघडतं ते इथंच.

इंग्रजी थ्रिलरमध्ये कॅपिटल अक्षरं लांब लांब पसरून लावतात, मध्ये हवा सोडतात. त्यातून तो थंड, भारी भाव येतो. तुम्ही तेच बटण मराठी नावावर फिरवलं की शिरोरेघ तुटते. ‘संकलन’ हा शब्द चार तुकडे होऊन पडतो, एकेक अक्षर वेगळी टोपी घालून उभं. काही फॉन्टमध्ये तुटत नाही, पण मात्रा आणि अक्षर यांच्यामधलं अंतर विचित्र होतं. आपली लिपी दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी आहे. दोरी कापली की कपडे खाली. हवा हवी असेल तर अक्षरांमध्ये नाही, शब्दाभोवती सोडा. नाव लहान ठेवा, फ्रेम रिकामी ठेवा. तोच थंडपणा येतो.

दुसरं, आपल्याकडं कॅपिटल नाहीत. मोठं-लहान, ठळक-बारीक आणि जागा, एवढंच हातात आहे. म्हणून काम ‘छायालेखन’ बारीक आणि नाव ठळक, किंवा उलट, पण संपूर्ण टायटलभर एकच रीत.

तिसरं, अक्षर-अक्षर उमटवणारं अ‍ॅनिमेशन. कित्येक टेम्प्लेटं शब्दाचे तुकडे करतात ते इंग्रजीच्या हिशेबानं. मराठीत ‘नि’ उमटताना आधी नुसती वेलांटी हवेत येते आणि मग ‘न’ येऊन तिच्या पोटात बसतो. रफार सगळ्यात शेवटी उडत येतो. अनुस्वार कधी येतच नाही. म्हणून मी अक्षरानुसार अ‍ॅनिमेशन करतच नाही. अख्खं नाव आकार म्हणून घेते आणि त्यावर झाकण सरकवते. प्रिंटरच्या कल्पनेत तर तेच बरोबर आहे: ओळ डावीकडून उघडत जाते, अक्षरं तुटत नाहीत.

चौथं, वर-खाली जागा. ‘ऊर्मी’सारख्या शब्दाला वर रफार आणि वेलांटी असते. त्याच्या वरच्या ओळीत उकार असलेली अक्षरं आली की ते उकार खालच्या ओळीच्या या खुणांना भिडतात. दोन ओळींच्या कार्डात इंग्रजीपेक्षा सरळ दीडपट अंतर ठेवा.

शिरोरेघ आधी ओढायची आणि मग अक्षरं तिला लोंबकळवायची, ही युक्ती सुचली असेल तर सुचू द्या आणि सोडून द्या. पहिल्यांदा पाहिली तेव्हा सुंदर होती. आता दर तिसऱ्या मराठी प्रोमोत असते.

पैसे थोडे असले तरी एका गोष्टीवर खर्च करा: सिनेमाचं मुख्य नाव हातानं काढून घ्या. मराठीत याची परंपरा मोठी आहे. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली अक्षरं पाहा. नुसत्या वळणावरून नाटक फार्सिकल आहे की ऐतिहासिक हे कळतं. नागपुरात इतवारी, गांधीबाग भागात अजूनही पाटी रंगवणारे हात सापडतात, आणि झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवणारी माणसं विदर्भात आहेत. ट्रकच्या मागं नाव रंगवणाऱ्या पेंटरला पत्र्यावर तुमच्या सिनेमाचं नाव लिहायला लावा, चांगल्या उजेडात फोटो काढा, आणि तेच मुख्य नाव. ठिपक्यांच्या नावांमध्ये तेवढं एक हातचं आलं की डोळा तिथंच थांबतो.

आता सॉफ्टवेअर. तुमच्याकडं जे आहे ते. आफ्टर इफेक्ट्स असेल तर उत्तम, नसेल तर एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्येही हे होईल. फक्त अडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये दक्षिण आशियाई लिप्या सांभाळणारं टेक्स्ट इंजिन (अक्षरं जुळवणारी यंत्रणा) निवडलेलं आहे ना ते तपासा, नाहीतर जोडाक्षरं फुटतात. फॉन्ट युनिकोडच घ्या. मुक्तासारखे चांगले देवनागरी फॉन्ट मोफत मिळतात, चोरून आणायची गरज नाही.

जोडाक्षरांवरून माझी एक फजिती सांगते. मुंबईत होते तेव्हाची. एका सिनेमाची टायटल्स मी माझ्या मशीनवर तपासली, सगळ्यांनी सही केली, फाइल रेंडरसाठी, म्हणजे शेवटचा व्हिडिओ काढायला, दुसऱ्या ठिकाणी गेली. तिथल्या मशीनवर ते टेक्स्ट इंजिन निवडलेलं नव्हतं. कॅमेरामनच्या आडनावात ‘द्ध’ होतं. प्रीमियरला पंधरा फूट उंचीवर ते ‘द् ध’ असं, मध्ये पाय मोडून, साडेतीन सेकंद उभं राहिलं. त्यांची आई शेजारच्याच रांगेत होती. दिग्दर्शक मला काही बोलला नाही, ते जास्त लागलं. तेव्हापासून नाव मंजूर झालं की मी त्याचं आउटलाइन करून टाकते, म्हणजे अक्षराचं चित्र करते. मग ते कुठल्याही मशीनवर जाऊ दे. आणि मंजुरी मी टाइप केलेल्या यादीवर घेत नाही. प्रत्येकानं स्वतःचं नाव स्वतःच्या हातानं कागदावर लिहायचं आणि त्याचा फोटो पाठवायचा. ‘र्ह’ की ‘ऱ्ह’, ‘ठाकूर’ की ‘ठाकुर’, यावर रात्री दोनला वाद होत नाहीत. ऋणनिर्देशाची यादीही तशीच. आपल्याकडं ज्यांचं नाव राहून जातं, ते पुढच्या सिनेमाला जनरेटर देत नाहीत.

शूटिंग घरात होईल. टेबल, काळं कापड, एक टॉर्च बाजूनं खालच्या कोनात, आणि जवळून घेता येईल अशी लेन्स किंवा लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारी साधी एक्स्टेन्शन ट्यूब. कोळशाचा तुकडा किसणीवर घासून भुकटी करा. किसणी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका. उजेड समोरून टाकला की कोळसा नुसता काळा डाग दिसतो, बाजूनं टाकला की चमकतो, दाणा दाणा वेगळा होतो. कूलर बंद ठेवावा लागेल, नाहीतर भुकटी पडद्यांवर बसते. मे महिन्यात कूलर बंद करून चार तास शूट करणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. रात्री बारानंतर करा.

कोणीतरी सल्ला देईल की नागपूर दिसलं पाहिजे, ड्रोन उडवा, झिरो माइल, फुटाळा, दीक्षाभूमी घ्या. ती पर्यटनाची फिल्म होईल. तुमचा ड्रायव्हर रात्री तिथून जातच नाही. त्याला दिसतं ते रिंग रोडचं दुभाजक, ढाब्याची ट्यूबलाइट, आणि शेवटी कोराडीच्या चिमण्यांवरचे लाल दिवे. नागपूर तेवढ्यात ओळखू येतं.

पडद्याचं गणित राहिलं. तुम्ही स्कोप, म्हणजे रुंद पट्टीसारख्या, फ्रेममध्ये असाल तर थिएटरची २के फाइल २०४८ बाय ८५८ पिक्सेलची होते. जुन्या सिंगल स्क्रीनमध्ये पडद्याच्या कडा काळ्या कापडानं झाकलेल्या असतात आणि त्या नेहमी नेमक्या नसतात, म्हणून चारी बाजूंनी दहावा हिस्सा सोडून आतच नाव ठेवा. आणि ती लाल बारीक अक्षरं काळ्यावर, जी टेम्प्लेटमध्ये होती, ती विसरा. थिएटरच्या फाइलमध्ये ती नीट दिसतील, पण मोबाइलवर आणि नेटवर जाणारा व्हिडिओ रंगाची माहिती कमी करून साठवतो. बारीक लाल रेघ तिथं फिसकटते, चहाचा डाग पडल्यासारखी. पांढऱ्याकडं झुकणारा फिकट राखाडी घ्या. प्रिंटरच्या शाईला तो शोभतो.

शेवटच्या सरकत्या यादीसाठी एकच सूचना: वेग फ्रेमला पूर्ण पिक्सेलमध्ये ठेवा. फ्रेमला तीन पिक्सेल, म्हणजे २४ फ्रेमवर सेकंदाला ७२. एक नाव खालून वर जायला बारा सेकंद घेईल. साडेतीन पिक्सेल केलात तर प्रत्येक अक्षराच्या कडा थरथरतात.

पहिल्या आठवड्यात अ‍ॅनिमेशनला हात लावू नका. फक्त तीन स्थिर फ्रेम बनवा: एक बिनअक्षराची, एक नावाची, एक मुख्य नावाची. त्या मोबाइलवर आईला दाखवा आणि कशाचा सिनेमा वाटतो ते विचारा. ‘ट्रकचं काहीतरी लफडं आहे’ असं उत्तर आलं की पुढं जा.

धरमकाट्याची पावती मात्र खरी आणा. नंबर आणि नाव झाकता येईल, पण कागद खरा हवा. त्या पातळ कागदातून टॉर्चचा उजेड आरपार जातो, घरच्या ए-फोरमधून तेवढा जात नाही. आणणाऱ्याला आधीच बजावा की खिशात कोंबून आणू नकोस, वहीत सपाट ठेव. घडीची रेघ नेमकी रिकाम्या गाडीच्या वजनावरून जाते.